अशोका फेलोशिप

अशोका फेलोशिप ही सामाजिक उद्योजकांसाठीची, म्हणजे समाजाचा एखादा प्रश्न नव्या कल्पनेने सोडवू पाहणाऱ्यांसाठीची आंतरराष्ट्रीय पाठ्यवृत्ती आहे. अमेरिकेतील बिल ड्रेटन यांनी १९८० मध्ये ‘अशोका’ ही संस्था काढली आणि तिला सम्राट अशोकाचे नाव दिले. पहिल्या फेलो ठरल्या मुंबईतील शिक्षिका ग्लोरिया डिसोझा (१९८२). घोकंपट्टीऐवजी मुलांनी आपला परिसर पाहून, प्रश्न विचारून शिकावे, ही त्यांची पद्धत. त्यातून ‘परिसर आशा’ ही संस्था उभी राहिली.

पाठ्यवृत्तीची रक्कम संस्थेला नव्हे, माणसाला मिळते. ती घरभाडे, किराणा, मुलांची फी यांसाठी असते, म्हणजे पोटापाण्याची नोकरी सोडून पूर्ण वेळ त्याच कामाला देता यावा. ठरावीक आकडा नसतो. गरज पाहून रक्कम ठरते आणि ती जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते. फेलो म्हणून झालेली निवड मात्र आयुष्यभराची असते.

निवड नामांकनापासून सुरू होते. त्या देशातील अशोकाचे कार्यकर्ते उमेदवाराचे काम तपासतात. मग दुसऱ्या खंडातील एक अनुभवी मुलाखतकार सविस्तर मुलाखत घेतो. स्थानिक ओळखी-पाळखीचा प्रभाव पडू नये, म्हणून ही पायरी फार मोलाची आहे. त्यानंतर निवड समितीचे सदस्य उमेदवाराशी एकेकटे बोलतात आणि एकमताने निर्णय घेतात. शेवटची मंजुरी संचालक मंडळाची. कसोट्या पाच: कल्पनेचे नवेपण, सर्जनशीलता, उद्योजक वृत्ती, कल्पनेचा सामाजिक परिणाम आणि सचोटी. पाचवीत शंका आली तर बाकीच्या चार कितीही भक्कम असोत, उपयोग नाही.

चांगले कार्यकर्तेही इथे अडखळतात, कारण ते संस्थेची माहिती सांगतात: किती शिबिरे, किती लाभार्थी. समितीला हवे असते ते वेगळेच. तुमची पद्धत आधीच्या कामापेक्षा कुठे निराळी? शेजारच्या जिल्ह्यात ती कोण चालवेल? विरोध कोण करेल, आणि मग तुम्ही काय कराल? ‘निधी मिळाला की विस्तार करू’ या उत्तराने काम भागत नाही. अर्ज फार लवकर आला तर दाखवायला पुरावा नसतो. दुसरी चूक पुढे होते: तीन वर्षांत संस्थेच्या अंदाजपत्रकात स्वतःच्या मानधनाची तरतूद केली नाही, तर पाठ्यवृत्ती संपताच संस्थापकाला पुन्हा नोकरी शोधावी लागते.

विस्ताराचा अर्थ जेरू बिलिमोरिया यांच्या कामातून नीट कळतो. त्याही अशोका फेलो. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवत असताना त्यांनी १९९६ मध्ये मुंबईत चाइल्डलाइन सुरू केली. संकटातल्या मुलाने फुकट फोन करायचा क्रमांक १०९८. रस्त्यावरच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांच्याही तोंडी तो ‘दस नौ आठ’ असा सहज बसला. शहरोशहरी फोन आणि मदत स्थानिक संस्थांनी सांभाळली, क्रमांक मात्र देशभर एकच राहिला.