सोलापूरची ख्रिस्ती मंडळी आणि ‘समाज बिघडला’ ही जुनी तक्रार

समाज बिघडला, शेवटचा काळ जवळ आला, हा उपदेश सोलापुरातल्या ख्रिस्ती उपवास-प्रार्थनेत किंवा धर्मजागृतीच्या ‘संजीवन सभे’त बसणाऱ्याला नवा नाही. बायबलमधले वचनही बहुधा ठरलेले असते : तीमथ्याला दुसरे पत्र, अध्याय तिसरा. माणसे स्वार्थी, धनलोभी, बढाईखोर, आईबापांना न मानणारी होतील, अशी ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाची लांबलचक यादी. तिला आजची नावे जोडली जातात. मोबाइल, गुटखा, ताडी-दारू, मोडलेले संसार, पैसे घेऊन दिलेले मत. माना डोलतात, आमेन होते. त्याच यादीत पुढे पाचव्या वचनात सुभक्तीचे नुसते बाह्य रूप मिरवणारे लोकही येतात, म्हणजे बोट एकदम मंडळीकडेच, चर्चच्या लोकांकडेच, वळते. तिथपर्यंत उपदेश क्वचितच पोचतो.

बिघाड नेमका कोणाचा, हा प्रश्न सोलापूरच्या ख्रिस्ती इतिहासात दीडशे वर्षे घोळतो आहे. त्याची उत्तरे काळाप्रमाणे बदलली. काही चांगली निघाली, एक-दोन आज वाचताना लाज वाटावी अशीही आहेत.

सोलापुरात ख्रिस्ती काम करणारे अमेरिकन मराठी मिशन ज्या धर्मप्रसारक संस्थेने चालवले ती अमेरिकन बोर्ड १८१० साली स्थापन झाली. फेब्रुवारी १८१३मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. १८३१मध्ये अहमदनगरला मिशनचे ठाणे झाले आणि १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरला. हे लोक अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या धार्मिक उज्जीवनाच्या लाटेतून आलेले. त्यांच्या मायदेशी त्याच पिढीतले भाविक दारूविरुद्ध, गुलामगिरीविरुद्ध आणि रविवार पाळला जावा म्हणून सभा घेत होते, पत्रके काढत होते, शपथा घालत होते. धर्म म्हणजे स्वतःचे तारण आणि त्यासोबत समाजाची साफसफाई, ही समजूत त्यांच्या सामानातच होती.

ते उतरले ते सोलापूर मात्र काही ओसाड नव्हते. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांच्या नावाची गड्ड्याची जत्रा, लोकांसाठी तळे खोदण्याला पुण्य मानणारी परंपरा हे सगळे इथे होतेच. जिल्ह्यातच पंढरपूर, आणि तिथल्या कीर्तनात दांभिकांवर कोरडे ओढण्याची रीत कोणत्याही मिशनहून कितीतरी जुनी. विधवांच्या वाट्याला येणारी बदनामी आणि टाकून दिलेली अर्भके यांसाठी पंढरपुरात एकोणिसाव्या शतकातच बालकाश्रम निघाला, तो प्रार्थना समाजाच्या मंडळींनी काढला. नीतीची चाड फक्त आपल्याला आहे, असे जे जुन्या मिशन-लेखनातून डोकावते, ते या गावापुरते तरी खरे नाही. मिशनमधल्या मराठी माणसांना हे आधी कळले. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीत ख्रिस्त आणला आणि १९१७मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. मिशनचा पगार सोडून टिळक बाहेर पडले, त्यामागे हीच जाणीव होती की साहेबाच्या तोंडून आलेली नीती इथल्या माणसाला परकी वाटते.

सोलापूर त्या काळात झपाट्याने बदलत होते. १८६०मध्ये रेल्वे आली, कापसाचा बाजार वाढला. १८७६ ते १८७८च्या दुष्काळाने जिल्हा होरपळला, आणि त्याच सुमारास, १८७७मध्ये, पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली. उपाशी खेड्यातून उठून भोंग्याच्या तालावर जगायला आलेला माणूस, हातात रोख पगार, शेजारी शिंदीचे दुकान. मिशनच्या उपदेशकांना दारू हे पहिले पाप वाटले यात नवल नाही. पण त्या दुकानाचा परवाना कोणाचा? १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारू-शिंदीचा महसूल थेट सरकारच्या तिजोरीत जात होता. ज्या सरकारच्या आश्रयाने मिशनची शाळा चाले, तेच सरकार गुत्त्याच्या लिलावावर पैसे मिळवत होते. मिशनच्या लोकांनी यावर टीका केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. पण टीका आणि लढा यांत अंतर असते.

ते अंतर १९३०मध्ये उघडे पडले. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यासाठी लोक जमले, अटका झाल्या, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. शहर पेटले. १२ मेपासून मार्शल लॉ लागला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. शिंदीच्या झाडावरची कुऱ्हाड खरे तर सरकारी महसुलावर होती. ज्या व्यसनाविरुद्ध मिशनने वर्षानुवर्षे उपदेश केला, त्याच्या मुळावर घाव घालायला रस्त्यावर उतरले ते सत्याग्रही. परदेशी मिशनऱ्यांनी तर पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांप्रमाणे सरकारविरुद्ध काही न करण्याची हमी देऊन ठेवलेली होती. त्यांचे हात बांधलेले होते, आणि ते बांधून घेण्याची किंमत काय असते हे सोलापूरने पाहिले.

शाळांबद्दल थोडक्यात. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांसाठी वसतिगृहे, मुलींसाठी वोरोनोको शाळा, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत मेरी हार्डिंग यांनी रुजवलेला बालवाडीचा प्रयोग, हे सर्वांना माहीत आहे आणि त्याचे कौतुकही पुरेसे झाले आहे. पिढ्या शिकल्या, शिक्षिका आणि नर्स झाल्या. बिघडलेल्या समाजाला दिलेल्या उत्तरांत हे सर्वांत कमी गाजावाजा करणारे होते आणि सर्वांत जास्त टिकले.

सेटलमेंटबद्दल, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या कुंपणबंद वसाहतीबद्दल, मात्र थांबून बोलायला हवे.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातीजमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११च्या सुधारित कायद्याने हे जाळे मुंबई इलाख्यावर पसरले आणि अशा लोकांना एका जागी डांबून ‘सुधारण्याची’ सोय झाली. आय.सी.एस. अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांनी विजापूरला वसाहती सुरू केल्या आणि मग ही पद्धत इतरत्र नेली. सोलापूर त्यांतले मोठे केंद्र झाले. कारण सरळ होते : इथे गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा भटक्या लोकांना तारेच्या कुंपणात आणून बसवले. दिवसातून ठरल्या वेळी हजेरी. बाहेर जायला पास. नातलगाच्या मयताला गावी जायचे तरी साहेबाची सही हवी. वागणूक चांगली राहिली तर कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त बढती. हे नाव सोलापूरकरांच्या पत्त्यात आजही आहे आणि रिक्षावाल्याला तेवढे सांगितले की पुरते. कायद्यात आणखी एक कलम होते : मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सरकारी शाळेत ठेवता येई. आईबाप मुलांना चोरी शिकवतात, हे त्यामागचे गृहीत.

सोलापूरच्या या सेटलमेंटचा कारभार सरकारने काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे दिला. तिथल्या वस्तीचे उमेदपूर हे नाव त्याच काळातले. इतर प्रांतांत साल्व्हेशन आर्मीने हेच काम घेतले होते. मिशनने कुंपणाआत शाळा, दवाखाना, शिवणकाम आणले, पगार कुटुंबाच्या हाती पडावा आणि सावकार-कलालाच्या हाती जाऊ नये यासाठी खटपट केली. मिशनच्या माणसांची कळकळ खोटी होती असे म्हणता येणार नाही. कित्येकांनी उमेदीची वर्षे इथे घालवली, आणि ज्यांच्या सावलीलाही गाव उभे राहत नव्हते त्यांच्या घरात बसून ते जेवले.

पण ज्या श्रद्धेचा पायाच ‘सर्वांनी पाप केले आहे’ या रोमकरांस पत्रातल्या वाक्यावर आहे, तिने काही माणसे जन्माने पापी आणि बाकीची जन्माने प्रतिष्ठित, असे मानणाऱ्या कायद्याची चावी स्वतःच्या कमरेला का लावून घेतली? लूकच्या शुभवर्तमानातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून ‘मी या जकातदारासारखा नाही’ म्हणून आभार मानतो. त्या परूशाला हजेरीचे रजिस्टर दिले असते तर त्याने ते अगदी प्रामाणिकपणे भरले असते. मिशनचे लोक परूशी नव्हते. तरी रजिस्टर त्यांच्या हाती होते. कायदा सरकारचा, आम्ही फक्त दया आणली, असा बचाव करता येतो आणि तो अर्धा खराही आहे. उरलेला अर्धा असा की दयेने चालवलेले कुंपण जास्त दिवस टिकते, कारण ते बघणाऱ्याला खुपत नाही.

भुकेने, जंगल आणि मिठाच्या कायद्यांनी, रेल्वेने या लोकांचे जुने धंदे मोडले होते. बैलांवर मीठ-धान्य लादून नेणाऱ्याला मालगाडी आल्यावर काम उरले नाही. हे त्या काळी ठाऊक नव्हते असे नाही. स्वतः स्टार्ट यांचाही भर उपदेशापेक्षा रोजगारावर होता. १९२८मध्ये मुंबई सरकारने दलित आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट होते आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ‘गुन्हेगार’ सुधारण्यापासून वंचितांचे हक्क तपासण्यापर्यंतचा हा प्रवास एका सरकारी अधिकाऱ्याच्या नोकरीत झाला. मंडळीच्या उपदेशात तो व्हायला बराच वेळ लागला.

१९३८च्या सुरुवातीला बाबासाहेब सोलापूर जिल्ह्याच्या दौऱ्यावर होते, तेव्हा इथल्या ख्रिस्ती लोकांच्या सभेतही ते बोलले. धर्मांतराची घोषणा होऊन दोन-सव्वादोन वर्षे झाली होती, साहजिकच श्रोत्यांचे कान टवकारलेले असणार. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्याला भारून टाकले, असे त्यांनी सांगितले. टाळ्या पडाव्यात असे वाक्य. त्यामागून मात्र फटका आला. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, ख्रिस्ती समाज राजकारणात मागे आहे, महार मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, आणि समाज म्हणून ख्रिस्ती लोक सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढले नाहीत, असे त्यांनी तोंडावर सुनावले. पाऊणशे वर्षे मंडळी समाजाच्या अधोगतीबद्दल बोलत होती. इथे एक बाहेरचा माणूस तिला सांगत होता की अन्याय पाहून गप्प बसणे हीसुद्धा अधोगतीच आहे. माझ्या मते सोलापुरात झालेला हा सर्वांत महत्त्वाचा ‘ख्रिस्ती’ उपदेश, आणि तो देणारा ख्रिस्ती नव्हता.

स्वातंत्र्यानंतर गोष्टी भराभर बदलल्या. मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि नीतीचा एक मोठा विषय मंडळीच्या हातून सरकारच्या हाती गेला. तो कायदा हातभट्टीपुढे कसा टेकला हे वेगळे सांगायला नको. ३१ ऑगस्ट १९५२ला गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. त्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, जाती हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात, आणि १९६०मध्ये पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन सेटलमेंटच्या तारा तोडल्या, असे जुनी माणसे सांगतात. मिशन आटोपते झाले, कारभार भारतीयांकडे आला. १९७०मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होऊन मिशनच्या मंडळ्या तिच्यात गेल्या. नंतर स्वतंत्र प्रार्थनागृहे वाढली, आणि त्यांच्यासोबत शेवटच्या काळाचा उपदेशही.

मग गिरण्या बंद पडल्या. कामगारांची घरे बायकांच्या विड्या वळण्यावर चालू लागली आणि रिकामा पुरुष नाक्यावर बसू लागला. उपदेशातला ‘बेजबाबदार दारुडा बाप’ या काळात फार दिसतो. गिरणी त्यात दिसत नाही. दारू सोडवायला हात धरणारे, रात्री-अपरात्री भांडण मिटवायला जाणारे पाळकही याच शहरात आहेत, त्यांचे ऋण नाकारू नये. कुटुंबे सावरली ती बहुतेक त्यांच्यामुळे, सभांमुळे कमी.

आंबेडकरांनी काढलेला शिष्यवृत्तीचा विषय अजून सुटलेला नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. या प्रश्नावर मंडळी बोलते, निवेदने देते. स्वतःच्या हक्काचा प्रश्न असल्यावर आवाज आपोआप निघतो. सेटलमेंटची गोष्ट वेगळी. कुठे चोरी झाली की पहिली चौकशी आमच्याच वस्तीत होते, ही तक्रार विमुक्त जातींची चळवळ सत्तर वर्षे करत आली आहे. ज्या मंडळीच्या वाडवडिलांनी त्या वस्तीत हजेरी घेतली, तिच्या प्रार्थनेच्या विषयांत ही तक्रार अजून आलेली नाही.