मोहाची धार आणि 'आज बसायचं का?'

सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचा पावरा किंवा भिल्ल पोरगा होळीला मोहाची दारू घेतो. जळगाव-भुसावळकडचा पोरगा मित्रांसोबत मळ्यात 'बसतो', म्हणजे दारू प्यायला जमतो. लोक दोघांनाही एकाच तागडीत तोलतात, म्हणून एकाला सांगायची गोष्ट दुसऱ्याला सांगितली जाते आणि ती कुणालाच लागू पडत नाही.

सातपुड्यात ही लपवायची वस्तू नाही. मार्च-एप्रिलात झाडाखाली पडलेली फुलं पहाटे वेचायची, वाळवायची. त्यांची दारू इंदलाची पूजा, लग्न, होळी सगळीकडे लागते. आधी देवाच्या, पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार सोडतात, मग पानाच्या द्रोणातून घेतात. बाया, पुरुष, म्हातारे एकत्रच बसलेले असतात. पोराला लाज शिकवलेली नसते, पण वडीलधाऱ्यांची नजर त्याच्यावर असते. पण तेवढ्याने दारू निरुपद्रवी ठरत नाही. भट्टीतून उतरणारी पहिली दारू कडक आणि शेवटची फिकी, त्यामुळे द्रोणात किती जोर आहे हे पिणाऱ्याला कळत नाही. व्यसनाने घरं बुडतात हे तिथल्या माणसांनीच आधी ओळखलं: 1930 च्या दशकात तळोदा भागात गुलाम महाराजांनी दारू सोडण्याची चळवळ उभी केली.

तिकडे जळगाव-भुसावळच्या तापीकाठी माळकरी घरात दारूचं नाव निघत नाही. मग काँट्री (वर्गणी) काढून केळीच्या बागेत किंवा ढाब्यावर शेवभाजीसोबत उरकायचं. घरी वास जायला नको, उशीर नको, म्हणून घाई. खरं नुकसान या घाईतच आहे. क्वार्टर म्हणजे 180 मिली. 42.8 टक्क्यांच्या दारूत त्यातलं शुद्ध अल्कोहोल साधारण 61 ग्रॅम भरतं. यकृत तासाला ढोबळमानाने 7 ते 10 ग्रॅमच काढतं. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी सहालाही रक्तात असू शकते. लिंबू, चहा, आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. गाडी चालवताना रक्ताची कायदेशीर मर्यादा 100 मिलीला 30 मिलिग्रॅम. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय 21, कडक दारूसाठी 25 लागतं, म्हणजे कॉलेजातली बहुतेक पोरं तशीही कायद्याबाहेर.

सगळ्यात अवघड गाठ शहादा-नंदुरबारच्या खोल्यांवर पडते. डोंगरातून शिकायला आलेल्या पोराकडे घरची परवानगी असते, पण ती सणाची, मोठ्यांसमोरची. खोलीवर धार सोडणारं कुणी नसतं, 'पुरे' म्हणणारा आजाही नसतो. परवानगी तेवढी सोबत येते आणि तिच्याबरोबरचा लगाम पाड्यावरच राहतो.

त्याला 'दारू पाप आहे' सांगून उपयोग नाही, ते आजाला पापी म्हणण्यासारखं होतं. सणाशिवाय घ्यायची नाही, हा घरचाच नियम त्याला आठवून द्यावा. मळ्यातल्या पोराच्या घरी मात्र एवढं ठरवावं: प्यायला असशील तर गाडीला हात लावू नको, फोन कर, रात्री कुणी रागावणार नाही, बोलणं सकाळी.