शाब्लीच्या वाइनमध्ये शिंपल्यांची चव उतरते का?

फ्रान्समधल्या बर्गंडी या भागाच्या उत्तर टोकाला शाब्ली हे वाइनसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथे फिरून आलेले लोक हमखास सांगतात, "जमिनीत समुद्री शिंपले आहेत, वेलीची मुळं त्यांची चव शोषतात, म्हणून वाइन खडूसारखी लागते."

शिंपल्यांची गोष्ट खरी आहे. मळ्यातला चुनखडीचा दगड हातात घेऊन बघा, स्वल्पविरामासारखे वळलेले नखाएवढे शिंपले त्यात दाटीवाटीने बसलेले दिसतात. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. नुसत्या त्या दगडासाठीही शाब्लीला जावं, इतका तो सुंदर असतो!

पण मुळं दगड खात नाहीत. ती पाण्यात विरघळलेलं पोटॅशियम, कॅल्शियम घेतात, आणि हे घटक शिंपले नसलेल्या जमिनीतही असतात. वाइनमध्ये ते इतके थोडे उतरतात की जिभेला दगडाची चव लागणं शक्य नाही.

घरी पडताळून पाहता येतं. चुनखडीचा तुकडा धुऊन वाळवा, फोडा आणि आतल्या ताज्या भागाचा वास घ्या. काहीच येत नाही, कारण वास यायला रेणू हवेत उडावे लागतात. पहिल्या पावसात दगडाला वास येतो, तो पृष्ठभागावर साचलेल्या सेंद्रिय पदार्थांचा.

जमिनीचं काम वेगळं आहे. चुनखडीतून जादा पाणी निथळतं, मधले चिकणमातीचे थर ओल धरून ठेवतात आणि वेल तग धरते. वर थंड हवा असल्याने शार्दने द्राक्षांतला आंबटपणा टिकतो. ज्याला आपण 'खडूची चव' म्हणतो, त्यात या आंबटपणाचा आणि किण्वनात तयार होणाऱ्या संयुगांचा मोठा वाटा आहे.