संवेदनशील बालकांसाठी विरजण व प्रोबायोटिक

जिवाणूंचा त्रास चटकन होणाऱ्या मुलाला कोणते दही चालेल आणि कोणते टाळावे, याची निवड. ही संवेदनशीलता म्हणजे एकच आजार नव्हे. दुबळी प्रतिकारशक्ती, शस्त्रक्रियेने आखूड झालेले आतडे, मोठ्या शिरेत बसवलेली नळी अशा निरनिराळ्या अवस्था तीत येतात आणि प्रत्येकीचे उत्तर वेगळे असते. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असेल, तर कोणतेही विरजण लावले तरी दही चालत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत विरजण म्हणजे कालचेच दही. संपले की शेजारून वाटीत आणायचे. निरोगी मुलाला त्यात काही वावगे नाही. मात्र अशा विरजणात दुग्धाम्ल जिवाणूंबरोबर यीस्ट आणि आणखी काय वाढते ते सांगता येत नाही, शिवाय ते हातोहाती बदलत जाते. शेजारणीला वाईट वाटले तरी चालेल, पण संवेदनशील मुलासाठी मागून आणलेले विरजण नको. जिवाणूंची नावे छापलेली विरजणाची पुडी घ्यावी. दूध उकळून कोमट करावे, भांडे व चमचा उकळत्या पाण्यातून काढावा. निरसे दूध अजिबात वापरू नये. त्यातून ब्रुसेला, लिस्टेरियासारखे रोगजंतू येऊ शकतात.

योगर्टमध्ये, म्हणजे ठरावीक जिवाणूंनी लावलेल्या दह्यात, मुख्यतः दोन जिवाणू असतात व ते ४२–४५ अंश सेल्सिअसला चांगले वाढतात. पैकी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या नावाने आईवडील धास्तावतात. घसा बिघडवणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस त्याच्याच कुळातला खरा, पण जिवाणू वेगळा. काही मुलांच्या बाबतीत खरी काळजी दुसऱ्याची, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकसची, घ्यावी लागते. तो डी-लॅक्टिक आम्ल तयार करतो. आतडे आखूड असलेल्या मुलाच्या रक्तात हे आम्ल साचले, तर गुंगी येते, बोलणे अडखळते, चालताना तोल जातो. थर्मोफिलस एल-प्रकारचे आम्ल बनवतो, ते शरीर सहज पचवते.

प्रोबायोटिक म्हणजे आरोग्याला फायदा व्हावा म्हणून दिलेले जिवंत सूक्ष्मजीव. त्याच्या पुडीवर प्रजातीपुढे वाणाचेही नाव हवे, उदा. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, यात जीजी हे वाण. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०११ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट असल्याने जिवाणूंवरच्या अँटिबायोटिकने मरत नाही. मात्र शिरेत नळी असलेल्या मुलाला ते देऊ नये, कारण ते रक्तात शिरू शकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३मध्ये इशारा दिला होता.

बालरोगतज्ज्ञाने होकार दिल्यावर एका वेळी एकाच विरजणाचे दही, तेही चमचाभर द्यावे. पुरळ, पोटफुगी, जुलाब दिसल्यास थांबून डॉक्टरांना दाखवावे. जिवंत जिवाणू नकोच असतील, तर दह्याची कढी चांगली उकळावी. उकळीने जिवाणू मरतात. आम्ल आणि काही दह्यांत असणारे हिस्टामिन (ॲलर्जीसारखा त्रास देऊ शकणारे द्रव्य) मात्र तसेच राहते.