ॲनफिल्ड (लिव्हरपूलचं होम ग्राउंड)

ॲनफिल्ड हे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातलं फुटबॉल स्टेडियम. लिव्हरपूल एफसी १८९२ पासून इथंच खेळतो हे बहुतेक फॅन्सना माहिती असतं, पण मैदान क्लबपेक्षा ८ वर्षांनी मोठं आहे हे सांगितलं की लोक चमकतात. लग्न ठरलं की हॉल शोधतात ना, इथं उलटं झालं, हॉल रिकामा पडला म्हणून लग्न लावावं लागलं.

१८८४ मध्ये इथं पहिल्यांदा खेळायला आला तो एव्हर्टन, हो तोच, लिव्हरपूलचा गावातला कट्टर वैरी. पुढच्याच वर्षी जागा जॉन हौल्डिंगनं विकत घेतली, हा बिअरच्या कारखान्याचा मालक, राजकारणातही होता आणि वर एव्हर्टनचा प्रमुख, म्हणजे घरमालकही तोच आणि भाडेकरूंचा म्होरक्याही तोच. असं म्हटल्यावर भांडण होणारच. भाडं १०० पौंडांवरून २५० पर्यंत गेलं, मैदानावर ड्रिंक्स विकायचा हक्कही त्याला स्वतःकडेच हवा होता, आणि क्लबातल्या बाकीच्यांना हे काही पटेना. गंमत म्हणजे याच दरम्यान, १८९१ मध्ये, एव्हर्टननं लीग जिंकली, त्यामुळे ॲनफिल्डवर खेळून जिंकलेली पहिली लीग ही एव्हर्टनची आहे. हे लिव्हरपूलवाल्यांना मुद्दाम सांगायला मजा येते.

१८९२ मध्ये एव्हर्टननं गाशा गुंडाळला आणि स्टॅन्ली पार्क या बागेच्या पलीकडे गुडिसन पार्क या नव्या मैदानावर गेले, चालत जायचं अंतर. हौल्डिंगकडे मैदान उरलं, टीम नाही. त्यानं एव्हर्टन हेच नाव ठेवून नवीन क्लब काढायचा प्रयत्न केला, ते काही मान्य झालं नाही, मग नाव ठेवलं लिव्हरपूल. १ सप्टेंबर १८९२ ला रॉदरहॅम टाऊनशी पहिली मॅच झाली, मैत्रीपूर्ण होती आणि ७-१ अशी जिंकली.

ॲनफिल्डचं खरं काळीज म्हणजे कोप, गोलच्या मागचा तो अवाढव्य स्टँड. १९०६ मध्ये क्लबनं दुसऱ्यांदा लीग जिंकली तेव्हा इथं प्रेक्षकांना उभं राहायला मातीचा नवा उंच उतार तयार केला, आणि एका स्थानिक पत्रकारानं त्याला स्पायन कोप हे नाव सुचवलं. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या एका टेकडीचं. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथं ब्रिटिश सैन्याची भयंकर कत्तल झाली, मेलेल्यांत लिव्हरपूलच्या बाजूची बरीच पोरं होती. त्याच टेकडीवरच्या जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या भारतीयांच्या तुकडीत मोहनदास गांधी होते! म्हणजे आपण शनिवारी रात्री टीव्हीवर कोप कोप करतो त्या नावाचा धागा असा कुठल्या कुठे जातो.

आणखी एक धागा तर थेट मुंबईला येतो. कोपच्या कोपऱ्याशी जो उंच झेंड्याचा खांब आहे ती ग्रेट ईस्टर्न या जहाजाची डोलकाठी आहे. ब्रुनेल या इंजिनिअरनं बांधलेलं हे जहाज त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं, पण प्रवासी वाहतुकीत आतबट्ट्याचं ठरलं, मग समुद्राखाली तारेची केबल टाकायच्या कामाला लावलं. १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल यानंच टाकली. शेवटी मर्सी नदीच्या काठी ते मोडीत काढलं आणि त्याची एक काठी घोड्यांनी ओढत ॲनफिल्डवर आणून रोवली.

कोपवर छप्पर आलं १९२८ मध्ये. साधारण ३० हजार लोक एकट्या त्या स्टँडमध्ये उभे राहायचे, इतके खेटून की मध्येच बाथरूमला जायचं म्हटलं तर विषयच संपला, त्यावर लोकांनी जे उपाय काढले ते इथं न लिहिलेले बरे. २ फेब्रुवारी १९५२ ला वुल्व्हज क्लबविरुद्धच्या एफए कपच्या (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) मॅचला ६१,९०५ लोक आले होते. बिल शँकली मॅनेजर असताना खेळाडू मैदानात उतरतात त्या जिन्यावर 'धिस इज ॲनफिल्ड' अशी पाटी लागली, हेतू सरळ होता, पाहुण्यांना धडकी भरावी.

१५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये एफए कप सेमीफायनलला चेंगराचेंगरी झाली, त्यात लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. त्यानंतरचे कित्येक दिवस लोक ॲनफिल्डवर फुलं आणि मफलर वाहत होते, कोपपासून अर्ध्या मैदानापर्यंत नुसती फुलं. दुर्घटनेच्या सरकारी चौकशीच्या टेलर अहवालानंतर वरच्या डिव्हिजनमधल्या स्टेडियममध्ये सगळ्यांना खुर्च्या सक्तीच्या झाल्या. उभ्या कोपची शेवटची मॅच ३० एप्रिल १९९४ ला नॉर्विचशी, आणि निरोपाच्या दिवशीच ०-१ नं हरले. नव्या कोपमध्ये खुर्च्या जेमतेम १२ हजारांच्या वर.

२००० नंतर स्टॅन्ली पार्कातच नवीन स्टेडियम बांधायचे प्लॅन झाले, पैशाअभावी बारगळले. २०१२ मध्ये नव्या मालकांनी ठरवलं की जुनंच वाढवायचं, जे माझ्या मते एकदम बरोबर होतं. पण चारही बाजूंनी वस्ती, त्यामुळे शेजारच्या गल्लीतली घरं पाडावी लागली, त्यातली कितीतरी आधीच वर्षानुवर्षं बंद पडून होती आणि तिथले रहिवासी क्लबवर चिडून होते. मेन स्टँड २०१६ ला उघडला, क्षमता ५४ हजारांच्या आसपास गेली. मग ॲनफिल्ड रोड स्टँडचं काम काढलं, तर २०२३ मध्ये कंत्राटदार कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि नवे मजले पूर्ण उघडायला २०२४ उजाडलं. आता साधारण ६१ हजार लोक बसतात, १९५२ चा तो आकडा मात्र अजून मोडलेला नाही.