मेट्रोच्या आधी घाटकोपरहून अंधेरीला लोक जायचे कसे

८ जून २०१४ ला मुंबईत वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा जिकडे तिकडे एकच वाक्य होतं, आता २१ मिनिटांत घाटकोपर ते वर्सोवा. खरंय ते. पण आज जी वीस-बावीस वर्षांची मुलं रोज त्या मेट्रोने कॉलेजला नाहीतर कामाला जातात ना, त्यांना ती २१ मिनिटं म्हणजे नक्की किती मोठी गोष्ट आहे हे कळणार कसं, त्यांनी आधीचा प्रवास केलेलाच नाही. परवा भाच्याने विचारलं, "मामा, मग आधी तुम्ही लोक कशाने जायचात?" मी सांगायला बसलो आणि एक तास गेला, कारण उत्तर द्यायचं तर थेट इंग्रजांच्या काळापर्यंत मागे जावं लागतं.

मुंबईत पहिली ट्रेन १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली हे सगळ्यांना पाठ आहे. पश्चिमेकडे १८६७ मध्ये विरारहून बॅक बेपर्यंत लोकल सुरू झाली. आता हे दोन्ही रूळ कुठे जातात बघा, दोन्ही उत्तरेतून निघून दक्षिणेला. बंदर तिथे, कापसाची कोठारं तिथे, ऑफिसं तिथे, गिरण्या त्याच वाटेवर, त्यामुळे माणूस आणि माल दोन्ही खाली फोर्टकडे न्यायचे आणि परत आणायचे एवढाच हिशोब होता. १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्राम आल्या (कुलाबा ते पायधुणी तीन आणे तिकीट), १९०७ मध्ये विजेच्या ट्राम, १९२६ मध्ये पहिली बस अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत, पण हे सगळं शहरात. घाटकोपर, साकीनाका, मरोळ, चकाला ही तेव्हा गावंच, तिथल्या माणसाला पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं असेल तर त्याचं तो बघून घेईल, बैलगाडी आहे, टांगा आहे, नाहीतर पाय आहेत.

आणि यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, मला स्वतःला ती कळली तेव्हा मी थक्क झालो होतो. पूर्व-पश्चिम ट्रेन मुंबईत एकदा होऊन गेलीये! १९२८ मध्ये जीआयपी रेल्वेने (म्हणजे आजच्या सेंट्रलने) ट्रॉम्बे ते अंधेरी अशी लाइन सुरू केली, कुर्ल्यावरून जाणारी, साधारण १३ किलोमीटर. सालसेट-ट्रॉम्बे रेल्वे म्हणायचे (सालसेट म्हणजे आपलं साष्टी), दुसरं नाव सेंट्रल सालसेट ट्रामवे. १९३४ मध्ये बंद झाली. फक्त सहा वर्षं. कुर्ला-कलिनाचा जो सीएसटी रोड आहे, ज्याला बरेच जण छत्रपती शिवाजी टर्मिनसचा रोड समजतात, ते सीएसटी म्हणजे सेंट्रल सालसेट ट्रामवे, त्या लाइनची ती राहिलेली खूण. म्हणजे बघा, १९३४ मध्ये ती ट्रेन गेली आणि तिच्यानंतर अंधेरीला सेंट्रल रेल्वेच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूशी रुळावरून आडवं जोडणारं काही यायला २०१४ उजाडलं. ऐंशी वर्षं. मला वाटतं मेट्रोची गोष्ट सांगताना ही ऐंशी वर्षं आधी सांगितली पाहिजेत.

मधे काय झालं तर मधोमध विमानतळ झाला आणि त्याच्यामुळे उपनगराच्या बरोबर पोटात एवढी मोठी जागा अशी तयार झाली की जिच्यातून ना रस्ता जाऊ शकतो ना रूळ. त्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर विमानतळाच्या उत्तरेकडून अंधेरी-कुर्ला रोड किंवा दक्षिणेकडून तो सीएसटी रोड, अजून उत्तरेला गेलात तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडसुद्धा एप्रिल २०१४ मध्ये उघडला, म्हणजे मेट्रोच्या दोनच महिने आधी. तोवर लाखो माणसं या दोन-चार रस्त्यांत कोंबलेली.

आता प्रत्यक्ष जायचं कसं ते सांगतो.

पहिला मार्ग ट्रेनचा, दादरला वळसा घालून. घाटकोपरला सेंट्रलची गाडी पकडायची, दादरला उतरायचं, पूल चढून वेस्टर्नला यायचं आणि तिथून बोरिवली-विरारकडची गाडी पकडून अंधेरी. नकाशात घाटकोपर ते अंधेरी सरळ आठेक किलोमीटर आहे आणि दादरमार्गे रुळावरून भरतं बावीसच्या आसपास. जवळजवळ तिप्पट. तरी लोक ते करायचे, आवडीने करायचे, कारण ट्रेनची वेळ ठरलेली आणि पासात भागायचं. फक्त संध्याकाळी सहा-साडेसहाला दादरच्या त्या पुलावर ज्याने गाडी बदललीये त्यालाच माहीत ते काय असतं, आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते. दुसरा एक प्रकार हार्बरचा होता, कुर्ल्याला उतरून हार्बरने वडाळा आणि वडाळ्याहून अंधेरीची गाडी, पण त्या गाड्या कमी, एक चुकली की प्लॅटफॉर्मवर उभे राहा.

दुसरा मार्ग म्हणजे बेस्टची बस. घाटकोपरकरांसाठी ३४० नंबर आणि कुर्लेकरांसाठी ३३२, दोन्ही अंधेरी स्टेशनच्या बाहेर अगरकर चौकात जाणाऱ्या. या दोन बसवर किती संसार चालले असतील त्याचा हिशोब नाही. बसच्या कपाळावर मराठी आकड्यात लिहिलेलं ३४० लांबून दिसलं की रांगेत एक हालचाल व्हायची, पिशव्या खांद्यावर चढायच्या, छत्र्या मिटायच्या. मागून चढायचं, पुढून उतरायचं, कंडक्टरचं "पुढे चला, पुढे जागा आहे" आणि त्या पंचचं टिक टिक टिक. बस घाटकोपरहून निघून असल्फ्यापर्यंत बरी जायची आणि मग साकीनाका यायचा. साकीनाक्याला चारही बाजूंनी ट्रक, टेम्पो, रिक्षा, हातगाड्या, आणि बस तिथे उभी म्हणजे उभीच. लोक तिथे उतरून चालायला लागायचे, मरोळ नाक्यापर्यंत चालत गेलं तरी मागची बस दिसायची नाही असं कितीतरी वेळा झालंय. एरवी पाऊण तास, गर्दीच्या वेळी सव्वा ते दीड तास, आणि पावसात पाणी भरलं तर बोलायलाच नको.

माझी मावशी आमच्याकडेच राहायची, घाटकोपरच्या भटवाडीत. नव्वदच्या दशकात ती सीप्झला (अंधेरीतली निर्यातीच्या कारखान्यांची वसाहत) दागिने बनवणाऱ्या एका युनिटमध्ये लागली, खडे बसवायचं काम. साडेआठची पाळी, म्हणून सहाला उठून डबा करून पावणेसातला घराबाहेर. मरोळ नाक्याला उतरून पुढे शेअर रिक्षा, तीन जण मागे आणि एक ड्रायव्हरच्या बाजूला अर्धवट बसलेला, आणि महिनाअखेरीला रिक्षाचे पैसे वाचवायला चालत. तिच्या पर्समध्ये कायम एक जुनी ओढणी असायची, चेहऱ्याला बांधायला, कारण साकीनाक्याच्या धुराने तिला खोकला यायचा. संध्याकाळी घरी आली की आधी दहा मिनिटं कोणाशी बोलायची नाही, नुसती मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहायची. ओढणी धुतलेलं पाणी काळं निघायचं, ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं. अठरा वर्षं केलं तिने असं.

आणि अशी ती एकटी नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करत बंद पडल्या, परळ-लालबागची कामं गेली आणि नवी कामं कुठे उभी राहिली तर उपनगरात. सीप्झ १९७३ पासून होतंच, मरोळ एमआयडीसी होती, साकीनाक्याला छोटे छोटे कारखाने, नंतर अंधेरी-कुर्ला रोडवर काचेची ऑफिसं, कॉल सेंटर. म्हणजे कामाची दिशा बदलली, माणसं आडवी जायला लागली आणि रूळ मात्र उभेच राहिले, दीडशे वर्षांपूर्वी घातलेले. खरं दुखणं इथे होतं. नोकरी घेताना लोक पगाराच्या आधी लाइन विचारायचे, सेंट्रलला आहे की वेस्टर्नला. कांजूर-भांडुपच्या मुलीला अंधेरीचं स्थळ आलं तर "एवढ्या लांब?" म्हणायचे, आणि ठाणं त्याच्यापेक्षा जवळचं वाटायचं.

मेट्रोचं भूमिपूजन जून २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झालं आणि काम २००८ मध्ये सुरू झालं. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, सगळी वरून. पण वरून म्हणजे खांब खालीच लागणार ना, तेही त्याच अंधेरी-कुर्ला रोडच्या मधोमध, जो आधीच अपुरा होता. त्यामुळे २००८ ते २०१४ ही सहा वर्षं या रस्त्याने सगळ्यात वाईट काढली. दोन्ही बाजूला पत्रे, मधे खड्डा, बसला जायला जेमतेम एक लेन. मेट्रोच्या आधी लोक कसे जायचे याचा विचार करताना ही सहा वर्षं विसरली जातात, पण ज्यांना मेट्रोचा फायदा मिळायचा होता त्यांनीच त्याची किंमत आधी भरली, रोज अर्धा-अर्धा तास जास्त देऊन.

सुरू झाल्यावर पहिला महिना सरसकट दहा रुपये तिकीट होतं. मग काय, लोक कामासाठी नाही तर नुसतं बघायला, पोराबाळांना घेऊन, पिकनिकसारखे. अंधेरीला ती वेस्टर्न रेल्वेच्या रुळांवरून जाते आणि पुढे हायवेवरच्या केबलच्या पुलावरून, तिथे सगळे खिडकीकडे. मावशी आदल्याच वर्षी कामावरून सुटली होती. तिला घेऊन गेलो. साकीनाका आला तसा तिने खाली पाहिलं, खाली बस तशीच उभी होती, मागेपुढे ट्रक. ती म्हणाली, "अगं बाई, एवढंसंच होतं हे?" आणि मरोळ नाका येईपर्यंत काही बोलली नाही.

त्या पहिल्या महिन्यांत मेट्रोत दिसणारे चेहरे ओळखीचे होते. दादरचा वळसा घेणारे, ३४० च्या रांगेतले, शेअर रिक्षातले. गाडीवाले आले पण नंतर आणि थोडे. घाटकोपरचा मेट्रोचा पूल थेट रेल्वेच्या पुलाला जोडलाय, त्यामुळे कल्याण-डोंबिवली-ठाण्याहून येणारा माणूस दादरला न जाता घाटकोपरलाच उतरायला लागला, आणि तिथे जी गर्दी झाली ती आजही सकाळी जाऊन बघा. दादरचा भार त्या एका स्टेशनावर सरकला.

बसचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण मेट्रोच्या कौतुकात ते राहून जातं. मेट्रोचं तिकीट पुढे अंतराप्रमाणे दहा ते चाळीस रुपये झालं. ज्यांना परवडलं ते वर गेले, आणि ज्यांना रोज दोन्ही वेळचं परवडत नाही ते खालीच राहिले, घरकाम करणाऱ्या बायका, हमाल, कारखान्यातली रोजंदारीची पोरं. २०१९ मध्ये बेस्टचं कमीत कमी भाडं पाच रुपये केलं तेव्हा या लोकांना खूप आधार झाला, मे २०२५ मध्ये ते दहा झालं. तोवर बसही कमी होत गेल्या होत्या. जुन्या लाल डबल डेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली, तीही याच भागात, अगरकर चौक ते सीप्झ, ४१५ नंबर. बसला हार घातले होते, लोक फोटो काढत होते. वर पुढच्या खिडकीत बसून ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांना त्या दिवशी वाईट वाटलं, मलाही वाटलं, मेट्रो आवडते तरी वाटलं.

आता मरोळ नाक्याला खाली भुयारी मेट्रो ३ पण आलीये, आधी ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) आणि मग ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत. म्हणजे सीप्झचा माणूस बीकेसीला जायला आधी रिक्षाने अंधेरी, ट्रेनने वांद्रे आणि तिथून पुन्हा शेअर रिक्षा किंवा बस असं तीन तुकड्यांत जायचा, तो आता एका गाडीत जातो. भाचा बीकेसीलाच कामाला आहे. घाटकोपरहून मेट्रो १, मरोळ नाक्याला सरकत्या जिन्याने खाली, मेट्रो ३. ज्या नाक्यावर तो गाडी बदलतो त्याच्या डोक्यावरच्या रस्त्यावर मावशी शेअर रिक्षासाठी उभी राहायची, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तिथे नक्की कुठे उभी राहायची, मला दाखव ना एकदा. या रविवारी दोघं जाणार आहोत, मावशीला पण घेऊन.