डेल्फ्टचा कलता मनोरा

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात जुन्या कालव्याच्या काठाने चालताना विटांचा एक मनोरा दिसतो आणि पाय थबकतात. 75 मीटर उंचीचा हा मनोरा माथ्याशी जवळजवळ 2 मीटर कललेला आहे. औदे केर्क, म्हणजे जुन्या चर्चचा हा मनोरा. गावकऱ्यांचा तो ‘वाकडा यान’; यान हे डच पुरुषाचं नाव.

त्याच्या वाकडेपणाचं कारण जमिनीत आहे. डेल्फ्ट हे नावच ‘खोदणे’ या अर्थाच्या डच शब्दावरून आलं. दलदलीत कालवा खोदला, त्याच्या काठी वस्ती झाली आणि 1246 मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला. चौदाव्या शतकात मनोऱ्याला जागा अपुरी पडली, तेव्हा कालव्याचा काही भाग बुजवून त्यावर पाया घातला गेला. इथली माती म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर आणि चिकणमाती, दोन्ही पाण्याने गच्च. वर वजन आलं, की त्यातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि थर दबतो. सगळीकडे सारखा दबला असता, तर मनोरा सरळच खाली खचला असता. इथे एक बाजू जास्त दबली.

मला सर्वांत भावतात ते त्या वेळचे गवंडी. बांधकाम चालू असतानाच कल त्यांच्या लक्षात आला. त्यांनी काम सोडलं नाही, वरचे थर ओळंब्यात घेतले. म्हणून नीट पाहिलं तर मनोरा खाली तिरका आणि वर बराच सरळ दिसतो. गुरुत्वमध्यातून सोडलेली उभी रेषा अजून पायाच्या आतच पडते, म्हणून तो उभा आहे. आतली 1570 सालची, सुमारे 9 टनांची घंटा मात्र क्वचितच वाजवतात. तिच्या हादऱ्यांची धास्ती आहे.

गावातला दुसरा मनोरा नव्या चर्चचा, सुमारे 109 मीटर उंच. गणितज्ञ सिमॉन स्टेव्हिनने मित्रासह शिशाचे दोन गोळे खाली सोडले, ते याच मनोऱ्यावरून असं मानतात. एक गोळा दुसऱ्याच्या दहापट जड, उंची सुमारे 30 फूट, खाली लाकडी फळी. दोन्ही एकदमच आदळले, आवाज एकच आला! 1586 मध्ये त्याने हे छापलंही. पिसाच्या मनोऱ्याची गॅलिलिओची कथा लोकांच्या तोंडी आहे, स्टेव्हिनचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची खंत वाटते.

1654 मध्ये दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि गावाचा मोठा भाग बेचिराख झाला. त्याच गावात पुढे अंतोनी लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगातून पाण्याचे थेंब पाहू लागला. सूक्ष्मजीवांचं वर्णन करणारं त्याचं 1676 चं पत्र लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला गेलं. त्याच वर्षी गावाने त्याच्यावर आणखी एक काम सोपवलं: कर्ज मागे ठेवून वारलेल्या चित्रकार योहानेस व्हर्मीरच्या मालमत्तेची व्यवस्था. दोघांचाही बाप्तिस्मा 1632 मध्ये, काही दिवसांच्या अंतराने, याच गावात झाला होता. आज दोघंही वाकड्या यानच्या चर्चमध्ये चिरनिद्रा घेत आहेत.